एक बाटली, सगळं घर

१२ जानेवारी

ताई,

माझं पत्र बघून दचकू नका. सगळे धडधाकट आहेत. फोनवर मोकळेपणी बोलता येत नाही, एवढंच. या नव्या घराच्या भिंती पातळ आणि आईंचे कान भलतेच तिखट. मी स्वयंपाकघरात पुटपुटले तरी त्या आपल्या खोलीतून उत्तर देतात. सासूबाईंबद्दल त्यांच्याच लेकीशी बोलायचं, तर पत्राशिवाय गत्यंतर नाही.

झालं असं की गेल्या रविवारी मी बाथरूम धुवायला काढलं. संडासाच्या भांड्यावर पिवळे डाग पडले होते. अ‍ॅसिडने जाईनात म्हणून मी त्यावरच ब्लीच ओतलं. म्हटलं, एकाला जमत नसेल तर दोघं मिळून करतील. दोघांनी मिळून माझाच निकाल लावला असता. घशाला झोंबणारी वाफ आली, डोळ्यांतून धारा लागल्या, श्वास घ्यावा तर छाती भरेचना. बाथरूमला खिडकी नाही, वरती एक झरोका आहे. कशीबशी बाहेर आले आणि दार उघडून जिन्यावर जाऊन बसले. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी पाणी दिलं. डॉक्टर म्हणाले, थोडक्यात निभावलं, दोन्ही बाटल्या आजच घराबाहेर काढा. तुमचे बंधू कामावरून आले आणि मला विचारतात, फोन का नाही केलास? बोलता येत नव्हतं तर फोन कशाला करू, म्हटलं.

तर ताई, तुमच्या लॉजमध्ये तुम्ही सगळं घरीच बनवलेलं वापरता ना? मला सगळं नीट लिहून पाठवा. माझी छाती अजून कोंडते आणि बाथरूम तर धुवावंच लागणार.

आईंना हा बदल रुचणार नाही, हे आधीच सांगून ठेवते. त्यांना रोज सकाळी फिनेल हवंच. स्वतःच्या हाताने झाकणभर ओततात. एक दिवस संपलं होतं तर मला म्हणाल्या, आज बाथरूम हरवलं वाटतं. मला हसूच आलं. बाकी तब्येत छान आहे. शिवणकाम मात्र सोडलं. पाठ दुखते म्हणाल्या आणि घर बदलून इथे आल्यावर मशीन खालच्या बाईंना देऊन टाकलं.

तुमचं पत्र आलं की त्या मलाच वाचायला लावतात, चष्मा कधी जागेवर नसतो. तेव्हा जपून लिहा.

तुमची वहिनी


२१ जानेवारी

वहिनी,

अ‍ॅसिडवर ब्लीच. दातांच्या दवाखान्यात नोकरी करतेस, दिवसभर बाटल्यांवरची लेबलं वाचतेस आणि घरी येऊन हे उद्योग. तुझं पत्र वाचून मला घाम फुटला. पुन्हा असं केलंस तर तिथे येऊन तुला बडवीन. हा भाग आईला वाचून दाखवलास तरी चालेल.

आता नीट ऐक. इथे तळ्याकाठी माझ्या लॉजमध्ये जेवढ्या खोल्या तेवढी बाथरूम, आणि पाहुणे ती कोणत्या अवस्थेत सोडून जातात ते लिहीत नाही, तुला जेवण जायचं नाही. ते सगळं मी खायचा सोडा, व्हिनेगर, लिंबूसत्व आणि जुने टूथब्रश एवढ्यावर निभावते.

बेसिन आणि फरशीसाठी वाटीत सोडा घे, भांडी घासायच्या लिक्विडचे थोडे थेंब टाक आणि टूथपेस्टसारखं दाट होईल इतकंच पाणी घाल. फरशांच्या फटींत ब्रशने लाव, जरा वेळ आपला चहा पी, मग घास. नळावर पांढरे खवले धरले असतील तर फडकं व्हिनेगरमध्ये भिजवून नळाला गुंडाळ आणि दुसऱ्या कामाला लाग. संडासातलं पाणी आधी ब्रशने ढकलून कमी कर, मग लिंबूसत्व टाकून तासभर विसरून जा. ते पिवळे डाग म्हणजे पाण्यातले क्षार. ते आंबटाने सुटतात, पण वेळ देऊन, दांडगाईने नाही.

रोजच्या पुसण्याला निम्मं व्हिनेगर, निम्मं पाणी, फवाऱ्याच्या बाटलीत भरून ठेव. संगमरवरापासून मात्र लांब, दगड खाल्ल्यासारखा होतो. ब्लीचच्या तर वाऱ्यालाही नको, परत जिन्यावर बसशील. आणि सोडा नि व्हिनेगर एकत्र करून बंद बाटलीत भरायचं नाही. लोकांना वाटतं दोन चांगल्या गोष्टी एकत्र केल्या की दुप्पट गुण येतो. फेस येतो, गंमत वाटते आणि मागे उरतं खारट पाणी.

ही फवाऱ्याची बाटली ओट्यालाही चालते, फ्रिजलाही, आरशालाही. मी तर माझ्या पोरींना कामावर घेतानाच सांगते, एक बाटली, सगळं घर. भिंतीवर तसा फलकच लावलाय.

फिनेल बंद कर. तुझ्या छातीला तीही वाफ नको. आईला सांग की खऱ्या स्वच्छ जागेला वासच नसतो. मशीनचं ऐकून मात्र वाईट वाटलं. माझे नि बाब्याचे शाळेचे सगळे कपडे त्यावर झाले. पाठ एवढी दुखते तर कोणाला तरी दाखवा.

ताई


१६ फेब्रुवारी

ताई,

बाथरूम असं निघालंय की तुमचे बंधू आत जाताना चपला बाहेर काढतात. संडासाचे डाग गेले, नळात तोंड दिसतं, आणि मला एकदाही खोकला आला नाही. फिनेलची बाटली खालच्या बाईंना दिली. तुमच्या सांगण्याप्रमाणे एकच फवारा करून ठेवलाय, सकाळी ओटा आणि बाथरूम एका दमात पुसून होतं.

एक विघ्न आलं, तेही तुमच्या माहेरचंच. तुम्ही बंद बाटलीचं लिहिलं होतं ते मी यांना मोठ्याने वाचून दाखवलं होतं. पण हे लिफ्ट दुरुस्त करणारे, यांना वाटतं जगातली प्रत्येक गोष्ट उघडून परत बसवता येते. मी दवाखान्यात असताना यांनी सोडा आणि व्हिनेगर एका बाटलीत भरलं आणि झाकण घट्ट पिळून हलवलं. झाकण छताला लागलं आणि फेस झरोक्यापर्यंत उडाला. आई खोलीतून ओरडल्या, लिफ्ट आली का रे? संध्याकाळी मला हे सांगताना आम्ही तिघं इतके हसलो की मला परत खोकला येतो की काय असं वाटलं.

आता जे लिहिते ते हसण्यासारखं नाही, आणि हा भाग मी त्यांना वाचून दाखवणार नाही.

आईंचं काहीतरी बिनसलंय. तुम्ही हे घर बघितलेलं नाही, म्हणून सांगते. मध्ये एक बोळ आहे. एका टोकाला त्यांची खोली, दुसऱ्या टोकाला बाहेरची खोली आणि बाल्कनी. बोळाच्या मधोमध स्वयंपाकघर आणि बाथरूम, दारं समोरासमोर, दोन्हीकडे पांढऱ्या फरशा. गेल्या आठवड्यात त्या टॉवेल खांद्यावर टाकून स्वयंपाकघरात आल्या आणि आतून कडी लावून घेतली. मी गॅसपाशीच उभी होते. म्हटलं, आई, काय हवंय? त्या गडबडल्या, मग म्हणाल्या, तुझ्यावर लक्ष ठेवायला आले. मी हसण्यावारी नेलं. दोन दिवसांनी स्वयंपाकघराच्या फरशीवर तांब्याभर पाणी ओतून पाय धुतले. काल तर त्याहून वाईट झालं. ते मी लिहीत नाही, फक्त एवढंच की फरशी मी पुसली आणि यांना कळू दिलं नाही.

त्यांनाही कळतं काहीतरी चुकलं म्हणून. चिडतात, मग दिवसभर खोलीतून बाहेर येत नाहीत. यांना मी नुसतं पाय धुतल्याचं सांगितलं. हे म्हणाले, वय झालं, डोक्यावर परिणाम होणारच, पुढेमागे वृद्धनिवासाचा विचार करावा लागेल. ताई, मला तसं वाटत नाही, पण काय वाटतं तेही सांगता येत नाही.

वहिनी


२४ फेब्रुवारी

वहिनी,

तुझं पत्र वाचून राग आला, आणि तो गिळून लिहिण्याचा माझा स्वभाव नाही.

आईच्या डोक्यावर परिणाम झालाय म्हणे. परवा ती माझ्याशी फोनवर बोलली. मी शाळेत असताना कोणत्या मैत्रिणीशी भांडले आणि का, ते तिने मला आठवण करून दिलं. लॉजचा हिशोब तिने तोंडी करून माझी चूक काढली. अशा बाईला तुम्ही दोघं वेडी ठरवायला निघालात. नव्या घरात म्हातारं माणूस एकदा दार चुकतं. तेवढ्यावरून बाब्या वृद्धनिवासाची भाषा करतो? स्वच्छ सांग ना, अडचण होते आहे.

मी इथून काही करू शकत नाही हे मलाही माहीत आहे. लॉज सोडून येता येत नाही आणि तिला इथे आणावं तर सगळीकडे पायऱ्या. म्हणून तर रागावते, नाहीतर मी येऊनच बोलले असते.

तिला म्हणावं, मी विचारलंय, चष्मा कुठे ठेवतेस?

ताई


१५ मार्च

ताई,

तुमच्या पत्राला उत्तर द्यायला वेळ लावला, कारण लगेच लिहिलं असतं तर फार बोलले असते. तरी एक सांगते. स्वयंपाकघरातली फरशी तुम्ही पुसलेली नाही.

तुम्ही दूर आहात म्हणून सरळ लिहिते. परवा सकाळी आई स्वयंपाकघरात गेल्या आणि नळ समजून गॅसचं बटण फिरवलं. वास त्यांनाच आधी आला. "गॅस, गॅस" म्हणून ओरडत राहिल्या, पण बंद करता येईना. ओट्यावर नुसते हात फिरवत होत्या. मी धावत जाऊन बंद केला. यांनी ते बघितलं. माझा हात धरून मला बाजूला नेलं आणि म्हणाले, आता पुरे, एखाद्या दिवशी आपण दोघं घरी नसू.

डॉक्टरांकडे नेलं. वार, महिना, मागच्या पिढीतली नावं, सगळं विचारलं, त्यांनी धाडधाड सांगितलं. मग डॉक्टरांनी एक कागद समोर धरला आणि चित्रात काय काय दिसतं ते विचारलं. तर म्हणाल्या, असल्या पोरखेळाला मी उत्तर देत नाही, आणि तोंड फिरवून बसल्या. डॉक्टर म्हणाले, हट्टीपणा हेसुद्धा लक्षण असू शकतं, पुन्हा घेऊन या.

वृद्धनिवासात पुढच्या महिन्यापासून खोली रिकामी होतेय. हे बघून आले. मीही गेले होते. जागा स्वच्छ आहे, माणसं बरी आहेत, आणि मला तिथे रडू आलं. आईंना अजून सांगितलेलं नाही. पण कान एवढे तिखट, त्यांना कळलं नसेल असं मला वाटत नाही. हल्ली जेवायला बसल्या की आधीच म्हणतात, मला फारसं काही लागत नाही हो.

काल निवासातल्या बाई घरी येऊन आईंना भेटून गेल्या. माझं व्हिनेगर संपलेलं, म्हणून खालच्या बाईंकडून आपलीच फिनेलची बाटली मागून आणली आणि बाथरूम तेवढं पुसून काढलं. आणि ताई, काल दिवसभर आईंचं काहीही चुकलं नाही. पाहुण्यांसमोर उठल्या, सरळ बाथरूममध्ये गेल्या, हात धुऊन आल्या, राणीसारख्या. त्या बाई म्हणाल्या, यांना आमची काय गरज? हे मात्र भडकले. म्हणाले, बघितलंस, लोक आले की शहाणी, आपल्यासमोर नाटकं.

मला नाटक वाटत नाही. कदाचित जुन्या वासाने त्यांचं मन शांत होत असेल. तुम्हाला काय वाटतं? तुमचा राग गेला असेल तर लिहा.

वहिनी


२० मार्च

वहिनी,

राग कसला घेऊन बसलीस. उभ्याउभ्या लिहितेय, टपाल न्यायला माणूस दारात थांबलाय.

तिचं डोकं ठिकाणावर आहे. तिला दिसत नाहीये.

तुझी सगळी पत्रं पुन्हा काढून वाचली. शिवण सोडलं. पत्र तुला वाचायला लावते. चष्मा कधी सापडत नाही, कारण घालून उपयोग नाही हे तिला ठाऊक आहे. डॉक्टरांनी तोंडी विचारलं ते सगळं आलं, कागद दाखवला तर पोरखेळ. गॅसचा वास आला पण बटण दिसेना. आणि फिनेल. अगं, ती रोज सकाळी स्वतःच्या हाताने बाथरूमवर खूण करत होती. नवं घर, समोरासमोर दारं, दोन्हीकडे पांढरं. नाकाने चालत होती ती. फिनेल म्हणजे बाथरूम, दुसरं ते स्वयंपाकघर. मग तू माझं ऐकून फिनेल काढून टाकलंस आणि ओटा नि बाथरूम एकाच फवाऱ्याने पुसायला लागलीस. दोन्ही दारांतून एकच वास. ती बिचारी काय करेल?

हे माझं कर्तृत्व, वहिनी. तुला वर आणि नाही नाही ते बोलले. ते सगळं मागे घेते.

तिची परीक्षा घेऊ नका. जवळ बसून सरळ विचारा. आणि त्या खोलीचे पैसे बाब्याने भरले असतील तर परत मागा म्हणावं, नाहीतर मी त्याला लिफ्टमध्ये कोंडीन.

ताई


२ एप्रिल

ताई,

तुमचं पत्र मी यांना वाचायला दिलं. वाचून त्यांनी घडी घातली आणि खिशात ठेवलं. दुसऱ्या दिवशी मी कामावर गेले आणि हे घरी राहिले. पुढचं मला संध्याकाळी यांनीच सांगितलं, तसंच लिहिते.

यांना तुमचं पटत नव्हतं. म्हणून यांनी परीक्षा घेतली. स्वयंपाकघर आणि बाथरूम दोन्ही नुसत्या साबणाच्या पाण्याने धुतलं, एका फडक्यावर फिनेल टाकलं आणि ते बाल्कनीत नेऊन ठेवलं. मग बाहेरच्या खोलीत गप्प बसून राहिले. दुपारी आई टॉवेल घेऊन बाहेर आल्या. बोळात थांबल्या. मान जराशी वर केली आणि स्वयंपाकघर, बाथरूम दोन्ही ओलांडून, यांच्या अगदी समोरून सरळ बाल्कनीत गेल्या. तिथे भिंतीवर हात फिरवायला लागल्या. हे म्हणाले, मला आधी कळेचना की ती काय शोधते. सवयीने दिव्याचं बटण शोधत होती, भर दिवसा.

यांनी जाऊन हात धरला. आई म्हणाल्या, "कळलं वाटतं तुला." यांना रडू आवरेना. त्यावर आई म्हणाल्या, "रड नंतर. आधी बाथरूम कुठे आहे ते दाखव, मला घाई आहे."

मी घरी आले तेव्हा दोघं शेजारी शेजारी बसले होते आणि दोघांची नाकं लाल होती. मी आईंना विचारलं, आम्हाला का नाही सांगितलंत? गेली दोन वर्षं धुकं वाढत होतं म्हणाल्या. जुन्या घरात अंगवळणी होतं, निभावलं. मग घर बदललं. "तेव्हा हा सारखा म्हणत होता, नवी जागा लहान आहे, ज्याचा उपयोग नाही ते काढून टाका. कपाट गेलं, माझं मशीन गेलं. मी म्हटलं, आता दिसत नाही म्हणून सांगितलं तर पुढचा नंबर माझा." हे यांनी ऐकलं आणि कपाळावर हात मारून घेतला. मशीन पाठ दुखते म्हणून दिलं असं आम्ही समजत होतो. त्या म्हणाल्या, माझी पाठ उत्तम आहे, सुईत दोरा जात नव्हता.

निवासाची खोली यांनी त्याच संध्याकाळी नको म्हणून कळवली. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, पुरता पिकलाय, एकेक करून काढू, दिसायला हरकत नाही. आणि वर विचारलं, आजी, इतके दिवस काय करत होतात? आई म्हणाल्या, नाकाने फिरत होते. पहिलं ऑपरेशन या महिन्याच्या शेवटी आहे. घाबरल्या आहेत, पण कबूल करत नाहीत.

तोवर मी घराला वास वाटून दिलेत. ओट्याला नुसतं साबणाचं पाणी. बाथरूमसाठी संत्र्याची सालं बरणीत व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवते. दोन आठवडे मुरली की गाळायचं आणि निम्मं पाणी घालून फवारायचं. पहिली बरणी तयार होईपर्यंत बाथरूमच्या खुंटीला ताज्या सालींची पुरचुंडी टांगली आहे. आईंनी एकदाही चूक केलेली नाही. सालं निवडायला त्याच बसतात, बोटांनी चाचपून पांढरा भाग जास्त लागला तर मला परत करतात.

वहिनी


९ एप्रिल

वहिनी,

लॉज चार दिवस बंद ठेवून ऑपरेशनला येतेय. पाहुणे गेले खड्ड्यात. आईला सांगू नकोस, नाहीतर कशाला येतेस म्हणून मलाच फोनवर झापेल.

भिंतीवरचा फलक उतरवला. पोरी विचारत होत्या, आता काय लिहायचं? म्हटलं, काही नको, भिंत पुसून घ्या.

बरणीचं झाकण सैल ठेव आणि बाब्याला तिच्या जवळपास फिरकू देऊ नकोस. तू ती फरशी पुसलीस ते मला सारखं आठवतं. येऊन काय बोलायचं ते मला सुचत नाही, म्हणून आधीच लिहून ठेवते. माझ्या आईला तू सांभाळलंस. मी नुसती पत्रं लिहिली.

ताई


३० मे

बाळ,

अक्षर वाकडं आलंय ते चालवून घे. एका डोळ्याचं लिखाण आहे, दुसऱ्याचं पुढच्या महिन्यात. तू गेल्यावर औषधाचे थेंब संपले आणि काल नवा चष्मा आला. तो सापडत नाही असं आता म्हणता येणार नाही, नाकावरच असतो.

चष्मा लावून मी आधी माझी खोली बघितली. ठीक आहे. मग बाब्या नि ही कामावर गेल्यावर बाथरूम बघायला गेले. इतक्या महिन्यांत या बाथरूमचं मी किती कौतुक केलं असेल. सून बाथरूम कसं आरशासारखं ठेवते, हे मी खालच्या बाईंना, डॉक्टरांना, त्या निवासातल्या बाईंनासुद्धा ऐकवलं. तर काय, नळाच्या मागे काळी बुरशी. झरोक्याखाली बाब्याच्या फेसाचे ओघळ अजून तसेच. दाराच्या पाठीला तर कोणी हात लावला असेल असं वाटत नाही. वासाने हे कळत नाही बघ. सोडा नि लिक्विड कालवलं, जुना ब्रश घेतला आणि स्टुलावर बसून सगळं काढलं. ओरडू नकोस, वाकले नाही, डॉक्टरांनी सांगितलंय ते लक्षात आहे. जिथे हात पोचला नाही ते बाब्याला करायला लावीन, त्याचाच पराक्रम आहे.

संध्याकाळी ती आली, हात धुऊन बाहेर पडली आणि म्हणाली, आई, तुम्हाला आता दिसतं, खरं सांगा, कसं आहे आपलं बाथरूम? मी म्हटलं, तू ठेवतेस तसंच आहे, लख्ख.

मग ती दिव्याखाली सालं काढायला बसली आणि मी तिच्याकडे बघत राहिले. तिच्या कानाजवळचे केस पांढरे झालेत गं. माझ्या डोळ्यांपुढे ती अजून लग्नात होती तशीच होती. आणि हात बघितले. बोटांना भेगा पडल्यात, त्यांत ते व्हिनेगर जात असणार, संत्र्याचा रस जात असणार. घरात वास राहावा म्हणून दोन महिने रोज हे करत होती आणि एकदाही हाय म्हणाली नाही. मी समोर बसून तिला म्हणत होते, पांढरं जास्त राहिलंय, परत काढ.

मला फार लाज वाटली. सुरी तिच्या हातातून काढून घेतली आणि म्हटलं, आजपासून हे काम माझं. ती म्हणाली, आता दिसतंय तर सालं कशाला, बंदच करू. मी म्हटलं, असू दे, वास चांगला आहे.

दिसत नव्हतं ते मी तिच्यापासून लपवलं. आता जे दिसतं तेही सगळं सांगणार नाही. बुरशीचं तूही बोलू नकोस.

खालच्या बाई मशीन परत द्यायला तयार आहेत. बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी जागा बाब्यानेच करून दिली, त्याची हत्यारांची पेटी उचलून. पहिल्यांदा हिच्यासाठी कामाचे हातमोजे शिवायचे आहेत. मेणकापड कोणत्या दुकानात चांगलं मिळतं ते कळव.

हे पत्र मी तिला दाखवलेलं नाही. पाकीट मीच चिकटवलं आणि पत्ता मीच लिहिला. पोचलं तर वाचता आला असं समजायचं, पण तरी लिही मला.

आई